चालतं मशीन भंगारात का टाकायचं?

या खेपेच्या टपालात एक विषय फिरून फिरून आलाय: विंडोज १० बंद झालं, आता आमच्या मशीनचं काय? सगळी पत्रं छापायला जागा नाही. त्यातलं एक निवडून त्याला नीट, सविस्तर उत्तर दिलंय. बाकीच्यांनी ते आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं. त्यानंतर वेगळ्या विषयांवरची चार पत्रं आहेत.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप २०१७ सालचा. आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. विंडोजचा सपोर्ट संपल्याचा मेसेज सारखा येतो. दुकानदार म्हणतात, याच्यावर विंडोज ११ बसत नाही, नवीन घ्या. माझं काम म्हणजे मेल, बातम्या, कीर्तनं ऐकणं आणि थोडं लेखन. पेन्शनमधून चाळीस हजार काढणं जड आहे.
– सेवानिवृत्त शिक्षक, वाई

सर, घेऊ नका. निदान आत्ता तरी नाही.

दुकानदार अर्धं खरं बोलले. लॅपटॉपच्या स्टिकरवर किंवा सेटिंगमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघा. बहुधा तो आय३-६००६यू असा काहीतरी निघेल. डॅशनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं, त्यामुळे तुमचं मशीन त्या यादीत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही खरं. पण सपोर्ट संपला म्हणजे मशीन मेलं असं नव्हे. सुरक्षेचे नवे अपडेट यायचे थांबले, इतकाच त्याचा अर्थ. तेसुद्धा पुढे मिळवायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ची नोंदणी दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे न भरता १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. हे काम आजच करा.

आता ती चार-पाच मिनिटं. त्यात विंडोजपेक्षा हार्ड डिस्कचा वाटा मोठा आहे. लॅपटॉप चालू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसतील आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला असेल. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते आणि एक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकून मजकूर वाचते. प्रत्येक सरकण्याला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो उड्या माराव्या लागतात. रात्री शांततेत कान लावलात तर तिची कुरकुर ऐकू येईल. एसएसडी म्हणजे चिपवर मजकूर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

मिरजेच्या माझ्या दुकानात मागच्याच महिन्यात अगदी असाच लॅपटॉप आला होता. मागचे अकरा स्क्रू काढले, पातळ प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने झाकण सोडवलं, पंख्यावर बसलेला धुळीचा नमदा ब्रशने काढला. हार्ड डिस्क काढून तिथेच अडीच इंची साटा एसएसडी बसवली. पाऊण तासाचं काम. आधी चार मिनिटांत उघडणारं मशीन पंचवीस सेकंदांत उघडलं. ज्या बाईंचं होतं त्यांनी ते बंद करून पुन्हा चालू केलं, आणि मग आणखी एकदा केलं.

तुम्हीही आधी एसएसडीच टाका. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घालून बॅकअपला वापरा. रॅमही ४ वरून ८ करावी असं मी एरवी म्हटलं असतं, पण सध्या रॅमचे भाव डोळे पांढरे करणारे आहेत. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि तिघींचाही ओढा एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीकडे आहे. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला जाहीरच करून टाकलं की ‘क्रूशियल’ या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं ती बंद करणार. माझ्या दुकानात वर्षानुवर्षं त्यांचीच पाकिटं टांगलेली होती. मला ही बातमी फार लागली. घरी बसून कुणी स्वतःचं मशीन स्वतः सुधारायचं म्हटलं तर त्याला माल कुठून मिळायचा? एसएसडीही या महागाईतून सुटलेली नाही, पण तुम्हाला २५६ जीबीची पुरते आणि ती परवडेल. रॅम मात्र ओळखीच्या दुकानातून जुनी, चाचणी केलेली घ्या, किंवा थांबा.

ऑक्टोबर २०२६ नंतर काय? माझं उत्तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीवर चांगली चालते. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, मधे खिडक्या, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस आधीपासून घातलेलं. तुमच्या हाताला फार वेगळं वाटणार नाही. शिवाय ते ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकून, लॅपटॉपमधलं काही न पुसता, आधी चालवून बघता येतं. दोन संध्याकाळ वापरा, वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर लागतो का पाहा, मगच ठरवा. एकच खबरदारी: तुम्ही कुणाचं टॅलीचं काम करत असाल किंवा सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीचा डोंगल लावत असाल, तर विंडोज सोडू नका.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा. त्याला ‘गेमिंग पीसी’ हवाय. कोटेशन आणलं ते एक लाख दहा हजारांचं. मोबाइलवर तर तो खेळतोच. द्यावा की देऊ नये? पैसे लावायच्या खेळांचीही भीती वाटते.
– एक आई, जळगाव

ताई, दोन भीती वेगळ्या करूया, कारण त्या वेगळ्याच आहेत.

पैसे लावून खेळायच्या ॲपना मी खेळ म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि अशा पैशांच्या खेळांवर बंदी आणली. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे मुलाला मुद्दाम सांगा. पैसे गेले की मुलं भीतीने गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यातच पुढचं नुकसान होतं. कुणी फसवलंच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, हेही त्याला माहीत असू द्या. याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र रीतसर मान्यता दिली आहे.

आता पीसी. माझं मत ‘द्या’ असं आहे, पण एक लाख दहा हजारांचा नाही. मोबाइलवर मूल खेळतं आणि तिथेच थांबतं. पीसीवर ते खेळाच्या फाइलमध्ये हात घालतं, मॉड (खेळात बदल करणारी जोड) टाकतं, काहीतरी बिघडवतं आणि मग दुरुस्त करतं. माझा भाचा असाच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेपर्यंत पोचला. त्याला कुणी क्लास लावला नव्हता.

ते कोटेशन परत करा आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय मशीन जोडून मागा. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. तेरा वर्षांच्या मुलाचे बहुतेक खेळ त्यावर सेटिंग थोडं उतरवून चालतात. दोन वर्षांनी खरंच गरज वाटली तर कार्ड वरून बसवता येईल. त्यासाठी एका ठिकाणी काटकसर करू नका: एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस घेऊ नका, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा वेगळा घ्या. रंगीत दिव्यांचे पंखे नकोत. आणि मशीन घरी येण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना बारीक मुंग्या येतात ना, तेव्हा दोष बहुतेक वेळा घराच्या अर्थिंगचा असतो. त्यात मदरबोर्ड जळालेले मी पाहिलेत.

पहिला खेळ म्हणून ‘राजी’ द्या. हा पुण्यात बनलाय, नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये बाजारात आणला. राजी नावाची मुलगी आपल्या हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते आणि दुर्गा आणि विष्णू तिच्यावर नजर ठेवून असतात. मी तो पूर्ण खेळलेय. महालाच्या भिंतीवरून ती धावत जाते तेव्हा मला अभिमान वाटला, की हे आपल्याकडच्या माणसांनी केलंय. त्याच्याशेजारी बसून एकदा तुम्हीही खेळा. पीसी दिवाणखान्यात ठेवा, त्याच्या खोलीत नको.

प्रश्न : मी पगारातून घेतलेले साठेक गेम ऑनलाइन खात्यात आहेत. ते माझे आहेत की नाहीत?
– इंजिनिअर, पिंपरी

नाहीत. तुम्ही घेतलाय तो वापरायचा परवाना.

‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ युबिसॉफ्टने २०१४ मध्ये विकायला काढला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि ज्यांनी पूर्ण पैसे मोजले होते त्यांच्याकडेही तो चालेनासा झाला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. डबी कपाटात, डीव्हीडी हातात, आणि खेळ नाही. यातून युरोपात मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मागणी साधी आहे: विकलेला खेळ बंद करताना तो चालू राहील अशी काहीतरी सोय करून जा. मला ती शंभर टक्के पटते. शिलाई मशीन बनवणारी कंपनी बंद पडली म्हणून आईचं मशीन कुणी उचलून नेलं नव्हतं.

हे ग्राहकाला सांगायला लावणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानंतर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना ‘हा परवाना आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं येतं. निदान माहिती तरी दिली जाते. जो खेळ जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळतो तो तिथून घ्या, इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवा. तो इंटरनेटशिवायही बसतो.

प्रश्न : लग्नाचे, बारशाचे सगळे फोटो एका पेन ड्राइव्हवर ठेवलेत. सुरक्षित आहेत ना?
– गृहिणी, चिपळूण

नाहीत. आजच दुसरी प्रत काढा, हार्ड डिस्कवर. तिसरी बहिणीच्या घरी ठेवा, तुमच्याकडच्या पावसाळ्यात तर नक्कीच.

प्रश्न : आजोबांनी २००१ मध्ये आमच्या गावाचा इतिहास पेजमेकरमध्ये टाइप करून घेतला होता. सीडी सापडली, पण फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झाली का?
– पदवीधर विद्यार्थी, लातूर

फाइल खराब झालेली नाही. तुमच्या आजोबांचं प्रत्येक अक्षर तिथे आहे.

पेजमेकर म्हणजे छपाईची पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर. १९९८ पासून माझंही डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं, काम आहे, हे सगळं माझ्या हातून गेलेलं आहे. तेव्हाचे मराठी फॉन्ट इंग्रजीच्या जागा वापरायचे. मशीनच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे, फॉन्ट त्या जागी क किंवा काना काढून दाखवी. फॉन्ट गेला की मराठी गेली. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडत नसे. आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड या अक्षरांच्या पद्धतीत मराठीला स्वतःची जागा आहे, क म्हणजे कोणत्याही मशीनवर क.

म्हणून पहिला शोध फॉन्टच्या नावाचा. सीडीवर ‘टीटीएफ’ शेपटीच्या फाइली आहेत का पाहा. ज्या प्रेसने छापलं तिथल्या जुन्या ऑपरेटरला विचारा, त्याला आठवत असेल. फॉन्ट बसवून मजकूर वाचता आला की पेजमेकर असलेल्या जुन्या मशीनवरून तो साध्या टेक्स्टमध्ये काढा आणि त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा.

कन्व्हर्टर शंभर टक्के बरोबर करणार नाही. कुठे चुकेल ते सांगते. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी टाइप व्हायची आणि क नंतर. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचंही तसंच: ‘धर्म’मध्ये रफार म वर दिसतो म्हणून तो म नंतर टाइप केलेला असतो, युनिकोडला मात्र तो म च्या आधी लागतो. त्यामुळे वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतात. सगळ्यात जास्त बळी जातो तो आपल्या अर्ध्या र चा, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मधल्या. हिंदीसाठी बनवलेल्या साधनांना तो ठाऊकच नसतो. ‘गावजेवणाला आचाऱ्यांना बोलावलं’ याचं ‘आचार्यांना बोलावलं’ झालं तर स्वयंपाक्यांच्या जागी गुरुजी येऊन बसतील. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर लातूरला समुद्र येईल. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या कीबोर्ड मांडणीत हा र शिफ्ट धरून जे दाबला की येतो, मग डी दाबून पाय मोडायचा, मग य. इन्स्क्रिप्ट शिका, खरंच सांगते. क च्या बटणावर शिफ्ट धरली की ख, ग वर घ, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. पंधरा दिवसांत हात बसतो आणि असे शब्द मनासारखे उमटतात.

छापील प्रत घरात असेल तर ती शेजारी ठेवून दोघांनी तपासा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर बघायचं. गावातल्या शेतांची, ओढ्यांची आणि आडनावांची नावं कुणा म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. ती कोणत्याच शब्दकोशात सापडणार नाहीत.

फॉन्टचं नाव मिळालंच नाही तर त्या फाइलची एक प्रत आणि छापील पुस्तकाच्या दोन पानांचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. माझ्याकडे तेव्हाचे फॉन्ट दोन सीडी भरून आहेत. एकेक लावून बघते.