बाँडमध्ये द्राक्षबियांचा अर्क घातला की तो चिकट का राहतो (आणि फाइल का अडकते)

मिरजेच्या डॉक्टरांचा प्रश्न असा आहे: डिसर्टेशनसाठी बाँडिंग एजंटमध्ये (दात भरताना भरणी दाताला चिकटवणारं द्रव्य, म्हणजेच बाँड) द्राक्षबियांचा अर्क मिसळला, कडक करणारा निळा लाइट दिला तरी थर बोटाला चिकटतोय, आणि एथिक्स समितीच्या परवानगीची फाइल अजून अडकलेलीच आहे. वाचून हसू आलं. सांगलीत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करताना माझंही नेमकं हेच झालं होतं.

हायब्रिड लेअर (बाँड दातात मुरून होतो तो थर), एमएमपी (कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स) वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच, ते सोडतो. बाँड लावण्याआधी ॲसिडने उघडी पडलेली कोलॅजनची (दातातल्या प्रथिनाच्या धाग्यांची) जाळी दातातलीच एन्झाइम्स हळूहळू कुरतडतात. अर्कातलं प्रोअँथोसायनिडिन ती जाळी बांधून ठेवतं, म्हणून ही सगळी धडपड. अडचण अशी की हे द्रव्य पॉलिफेनॉल आहे, म्हणजे फ्री रॅडिकल गिळणारं. आणि आपला बाँड कडक होतो तो फ्री रॅडिकलवरच! बाँडमधलं कॅम्फोरक्विनोन प्रकाश पडल्यावर जे रॅडिकल तयार करतं ते अर्क खाऊन टाकतो. त्यात त्याचा तपकिरी रंग निळा प्रकाशही अडवतो. लाइट दुप्पट वेळ धरून फारसा उपयोग नाही.

माझं स्पष्ट मत: बाटलीत मिसळूच नका. एचिंग करा (दाताला ॲसिड लावा), धुवा, अर्क वेगळा प्रायमर म्हणून, म्हणजे बाँडच्या आधीचा थर म्हणून, लावा, पुन्हा धुवा, मग नेहमीचा बाँड. मिसळायचंच असेल तर प्रमाण अगदी कमी ठेवा आणि डिग्री ऑफ कन्व्हर्जन (बाँड किती टक्के कडक झाला) मोजून दाखवा, नाहीतर परीक्षक तिथेच धरेल. सुरुवातीच्या प्रयोगांत अर्क दातावर दहा मिनिटं ते तासभर ठेवत. खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंट तेवढा वेळ थांबतो का? म्हणून तुमचा प्रायमर मिनिटभरात काय करतो ते बघा, कामाची गोष्ट तीच आहे. (मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. तुमच्या गाइडचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका, सही त्यांची लागते.)

आता फाइल. एका कार्यालयाने, नाव घेत नाही, माझ्या शीर्षकात ‘अर्क’ हा शब्द पाहिला आणि फाइलवर लाल शाईत शेरा मारला: ‘वनौषधी? आयुषची परवानगी जोडा.’ काढलेल्या दातांवरचा प्रयोग, पेशंटच्या तोंडात काही जाणार नाही, हे लिहून दिलं. फाइल परत आली, तोच शेरा, खाली नवी तारीख. टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “डॉक्टर, उद्या कुणी म्हणालं काढा पाजला, तर?” यावर काय बोलणार!

यात नुसता वेळ गेला असता तर चाललं असतं, पण प्रयोगासाठी जमवलेले माझे दात गेले. बाँडच्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११४०५ सांगतं की दात शक्यतो काढल्यापासून महिन्याच्या आत वापरावेत, सहा महिन्यांपेक्षा जुने तर नकोच. फ्रिजमध्ये पाण्यात ठेवलेल्या बाटल्या, प्रत्येकीवर दात काढल्याची तारीख. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरेपर्यंत त्या तारखा एकेक करून उलटल्या. कीड नसलेल्या तिसऱ्या दाढा पुन्हा गोळा करायच्या म्हणजे ओरल सर्जरीवाल्यांच्या दारात उभं राहायचं. शेवटी शीर्षक बदललं, ‘अर्क’ काढून ‘प्रोअँथोसायनिडिनयुक्त प्रायमर’ लिहिलं, आणि तीच फाइल मुकाट्याने सरकली. तुम्ही हे आजच करा. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर झालेला असेल तर शीर्षकबदलाचा अर्ज वेगळा लागतो, गाइडना विचारून घ्या.

दात मागताना एक बघा. काही ठिकाणी ते फॉर्मलिनच्या बरणीत टाकतात. फॉर्मलिन स्वतःच कोलॅजन बांधतं, तेव्हा त्या दातांवर क्रॉसलिंकरचा (कोलॅजन बांधणाऱ्या द्रव्याचा) अभ्यास म्हणजे आधीच मीठ घातलेल्या आमटीत मिठाचा अंदाज घेणं. असे दात फुकट मिळाले तरी नकोत.

“तुम्ही तासगावकडचे, बिया तर दारात,” असं मला बाहेरच्या सगळ्यांनी ऐकवलं. अहो, आपल्याकडचा बेदाणा थॉम्पसन आणि त्याच्या भावंडांचा, बिनबियांचा! बिया हव्यात तर वाइनचा चोथा शोधा. नाहीतर सरळ प्रमाणित अर्क विकत घ्या आणि त्यात प्रोअँथोसायनिडिन किती टक्के आहे याचा कागद मागा. घरी बिया कुटून केलेल्या अर्काचा आकडा कुणी मानत नाही. आपल्या हळदीचंही तसंच. कर्क्युमिनवर काम झालंय, पण पाण्यात विरघळत नाही आणि पिवळा डाग सोडतं. द्राक्षबियांच्या अर्कानेही डेंटिन तपकिरी होतं, पुढच्या दातांसाठी मी तरी सुचवणार नाही.

इथे डॉक्टर नसलेलेही वाचतात म्हणून सांगतो: ग्रीन टीच्या नाहीतर हळदीच्या पाण्याच्या गुळण्या केल्याने भरलेला दात जास्त टिकत नाही. रबर डॅम (लाळ अडवणारा रबरी पडदा) लावून, कोरड्या जागेत, नीट लाइट देऊन भरलेला टिकतो. माझ्या क्लिनिकमध्ये मी अजून कुठलाही अर्क वापरत नाही.

आकड्यांचं एक राहिलं. चोवीस तासांच्या मायक्रोटेन्साइलमध्ये (दात-भरणीचे बारीक तुकडे, म्हणजे बीम, ओढून तोडण्याची चाचणी) अर्काचा गट आणि साधा गट बहुधा सारखेच दिसतील, घाबरू नका. फरक दिसायचा तर नमुने पाण्यात किंवा कृत्रिम लाळेत सहा महिने, वर्षभर मुरल्यावर दिसतो, म्हणून निम्मे बीम पहिल्या दिवशीच बाजूला काढा. विश्लेषणात एकक दात धरा, बीम नव्हे. कापतानाच तुटलेले बीम किती, हेही वहीत लिहून ठेवा. व्हायव्हाला मला पहिला प्रश्न तोच आला होता.