टाळ्या वाजवता येत नसतील तर कलाकाराला दाद कशी द्यायची?

तुम्ही विचारलंय की हाताच्या दुखण्यामुळे टाळ्या वाजवता येत नाहीत, नाटकाला किंवा गाण्याला गेलं की सगळे टाळ्या वाजवत असतात आणि आपण नुसतं बसून राहतो, कलाकाराला ते उद्धटपणाचं वाटत असेल का, आणि दुसरं काय करता येईल. प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला घेतलं. म्हणजे लिहायला म्हणजे फोनवर बोलून टाइप करतेय, बोटं आज फारशी साथ देत नाहीयेत, त्यामुळे कुठे चुकलं तर समजून घ्या.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, नऊ वर्षं झाली. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा सापडतात ती मनगटं आणि बोटांचे सांधे. सुरुवातीची काही वर्षं तर बाहेरून बघणाऱ्याला काही कळतही नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे, कारण पायाला प्लास्टर असेल तर लोक आपणहून खुर्ची देतात पण दुखऱ्या बोटांना प्लास्टर नसतं.

पहिल्या वर्षी मी सहन करून वाजवायचे. एका नाटकाला शेवटी अख्खं थिएटर उभं राहिलं, मीही उभी राहिले आणि सगळ्यांबरोबर वाजवत राहिले, त्या वेळी काही वाटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना आणि गॅसचं बटण मी दोन्ही तळव्यांच्या मध्ये पकडून फिरवलं. पुढचे तीन दिवस पोळ्या नवऱ्याने केल्या. मग पुढच्या नाटकाला मी ठरवून हात मांडीवर ठेवले. ते नाटक मला आतून हलवून गेलं होतं, दुसऱ्या अंकात रडले होते मी, आणि पडदा पडल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला आवडलं नाही वाटतं?" मला काही बोलताच आलं नाही. रिक्षात बसल्यावर नवऱ्याला म्हटलं, आता नाटकं बंद. तो काही बोलला नाही, पण पंधरा दिवसांनी एका घरगुती बैठकीचं आमंत्रण घेऊन आला, चल म्हणाला.

त्या बैठकीत मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायचंय. पन्नास-साठ माणसं, सतरंजीवर बसलेली, समोर गायिका. माझ्या पुढे डावीकडे खुर्चीवर एक आजोबा होते, अर्धांगवायू झालेले असावेत, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता. विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला एकताल चालू होता, ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत असेल, विलंबितात एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, किती मोठं असतं, गाणारा सगळीकडे फिरून येतो आणि मग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरतो. तर ती सम आली की हे आजोबा डाव्या हाताचा तळवा फक्त उघडायचे, खुर्चीच्या हातावरून दोन इंच वर, आणि हळूच "आहा" म्हणायचे. बास. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनापासून गायिका समेकडे येताना त्यांच्याकडेच बघून यायला लागली. एवढ्या लोकांत तिला दाद दिसत होती ती त्या अर्ध्या उघडलेल्या हातात. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा ते शांत बसून होते आणि ती उठून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली.

त्या दिवशी माझ्या डोक्यातला गुंता सुटला. आपण टाळी आणि दाद एकच धरून बसतो, पण टाळी प्रोग्रॅम संपल्यावर येते आणि दाद गाणं चालू असताना, जिथे काहीतरी घडलं तिथल्या तिथे येते. जुन्या बैठकांमध्ये तर वाहवा, क्या बात है, बहोत अच्छे हेच चालायचं. आपल्या संगीत नाटकात वन्स मोअर होता, तोही तोंडानेच द्यायचा ना. तिकडे कर्नाटक संगीताच्या मैफिलीत लोक जिभेने च्च् च्च् असा आवाज करतात, आपल्याला पहिल्यांदा ऐकताना वाटतं की हळहळ व्यक्त करतायत की काय, पण ती दाद असते. सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात सोलो झाला की मागचे व्हायोलिनवाले हातातल्या बोने, म्हणजे गजाने, समोरच्या स्टँडवर हलकेच टिकटिक करतात, कारण हातात वाद्य असतं, टाळी कशी वाजवणार.

आणि तालाचंच घ्या. तीनतालात सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली. खालीला आपण हात नुसता उलटा करून बाजूला नेतो, आवाज करत नाही, पण म्हणून ती मात्रा मोजायची राहत नाही. मला हे इतकं पटलं की आता मी हाताने ताल धरताना सगळाच ताल खालीसारखा धरते, तळवा उघडायचा आणि मिटायचा, आपटायचा कुठेच नाही. थंडीत तेही जमत नाही, डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला रात्री हवा गार झाली की बोटं आखडतात, मग बुटातल्या बुटात पायाच्या अंगठ्याने धरते.

आता तुमच्या कामाचं. गाण्यात सोपं आहे, समेवर मान, चेहरा, तोंडाने हळू एखादा शब्द, फक्त वेळ साधली पाहिजे, गायक तान घेत असताना मध्येच वाहवा केलं तर ती दाद होत नाही, व्यत्यय होतो. नाटकात मात्र वाक्याच्या मध्ये तोंड उघडायचं नाही, तिथे हसू आलं तर मोकळं हसायचं आणि बाकी शांत राहायचं, नटांना प्रेक्षागृहाची शांतता बरोबर कळते, खोकल्या-चुळबुळीची शांतता वेगळी आणि श्वास रोखल्याची वेगळी. शेवटी सगळे कलाकार रांगेत येतात तेव्हा मी उभी राहते आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन बोटं पसरून हलवते. कर्णबधिर लोक अशीच टाळी देतात, हात वर करून हलवायचे, म्हणजे समोरच्याला दिसतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने 2018 मध्ये आपल्या कार्यक्रमांत टाळ्यांऐवजी हीच खूण वापरायची ठरवलं होतं, मोठ्या आवाजाचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. मला टाळ्या बंद व्हाव्यात असं अजिबात वाटत नाही, मला टाळ्यांचा कडकडाट ऐकायला फार आवडतो, मला एवढंच हवंय की त्यात माझे दोन हात हवेत दिसले तर कुणी विचित्र बघू नये. तुमचा खांदा आखडलेला असेल तर हात वर नेऊ नका, छातीवर एक हात ठेवून मान झुकवली तरी स्टेजवरून कळतं, पुढच्या काही रांगा तरी त्यांना नीट दिसतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नंतर आत जाऊन भेटणं. मराठी नाटकात ही फार चांगली पद्धत आहे, प्रयोग संपला की लोक विंगेतून मागे जातात आणि कलाकारांना भेटतात, कुणी अडवत नाही, फक्त त्यांना पुढच्या प्रयोगाची घाई आहे का ते बघायचं. आणि तिथे "खूप छान झालं" एवढंच म्हणून येऊ नका, नेमकं सांगा. मी एका अभिनेत्रीला म्हटलं होतं की तुम्ही ते पत्र घडी घालून ठेवताना अर्धी घडी घालून थांबलात ना, तिथे मला माझी आई दिसली. तिचे डोळे भरून आले, म्हणाली तालमीत ते मी स्वतः शोधलं होतं, आजवर कुणी बोललं नव्हतं. तिने माझा हात हातात घ्यायला हात पुढे केला, मी म्हटलं हात दुखतात हो माझे, दाबू नका, तर तिने स्वतःचे दोन्ही तळवे उताणे करून माझ्या हातांखाली नुसते धरले. त्या बाईंनी त्या रात्री शेकडो टाळ्या ऐकल्या असतील, पण माझी दाद तिच्यापर्यंत पोचली हे मला तिच्या तळव्यांवरून कळलं.

आत जाणं जमत नसेल तर घरी येऊन दोन ओळी लिहून पाठवा, बहुतेक कलाकार आता फेसबुक-इन्स्टावर असतात, तेच, नेमकी जागा सांगा.

मुलांच्या गॅदरिंगचं वेगळं असतं, लहान मुलांना मान डोलावलेली कुठून दिसणार. माझ्या भाच्याच्या शाळेत मी पिवळा रुमाल नेते, मनगटाला सैल बांधते म्हणजे धरावा लागत नाही, आणि त्याचा डान्स झाला की हात वर करते. त्याला आधीच सांगून ठेवलंय. आरतीला मी टाळ्या सोडल्या आणि आवाज वाढवला, सोसायटीत आधी कुणीतरी विचारलं, एकदा सांगितलं की हात दुखतात, विषय संपला.

शेजारच्यांच्या नजरेचं पण हेच. मी आता सुरू व्हायच्या आधीच शेजारी कोण असेल त्यांना हसून सांगते, "माझ्या हातांना त्रास आहे, मी टाळ्या वाजवणार नाही, पण मला गाणं फार आवडतं." एका वाक्याचं काम आहे. त्या बाईंना त्या दिवशी मी हे सांगितलं असतं तर त्यांनीही समजून घेतलं असतं, त्यांनी वाईट हेतूने विचारलं नव्हतं हे मला आता कळतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते, तुम्ही दुखणं काय आहे ते लिहिलेलं नाही. सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त बोटं आखडलेली राहत असतील आणि सांधे सुजत असतील तर संधिवाताच्या तज्ज्ञाला लवकर दाखवा, आमवातात सुरुवातीला औषध मिळालं तर सांधे वाचतात, मी वर्षभर तेल लावत बसले त्याची किंमत माझी उजव्या हाताची बोटं देतायत. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबलेली असू शकते, तेही दाखवा. मी डॉक्टर नाही, पण "थोडं सहन करू" म्हणत टाळ्या वाजवत राहू नका.

तिकीट काढताना शक्य असेल तर पुढची आणि कडेची खुर्ची घ्या, कलाकाराला तुमचा चेहरा दिसतो आणि उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागला तरी कुणाचा धक्का लागत नाही. एसी हॉलमध्ये हात गार पडतात, म्हणून मी लोकरीचे हातमोजे पर्समध्ये ठेवते, मध्यंतरात घालते. पुढचा प्रोग्रॅम कुठला बघताय ते खाली लिहा, त्या थिएटरची मला माहिती असली तर कुठली रांग बरी पडेल ते सांगेन.