हजेरीपटावरचं नाव तू निवड

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता, दोन्ही वाचलं. एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीवर, निवड झाल्या झाल्या 40 मुद्द्यांचा तक्ता केलास, आपल्या मराठी शाळेला 100 पैकी 82 गुण दिलेस आणि आता विचारतेस, चौथीतल्या पुतण्याला पेपरचा मथळा धड वाचता येत नाही, तर हे 82 आले कुठून? प्रश्न बरोबर आहे. तक्ता चुलीत घाल.

त्यातले बहुतेक मुद्दे पटांगणात उभं राहून मोजता येतात. कंपाउंड, रंग, बोअर, टीव्ही, संगणक. त्यासाठी यूडायस, म्हणजे सरकारची शाळांच्या माहितीची नोंद, आहेच. शाळेचा 11 आकडी क्रमांक टाकला (कर्नाटकातला 29 ने सुरू होतो) की खोल्या किती, शिक्षक किती, शौचालयं किती, सगळं घरबसल्या दिसतं. वाचता येणारी पोरं किती, ते त्यात नसतं. तुझ्या तक्त्यात तो मुद्दा आहे, आणि तिथे तू 10 पैकी 9 देऊन मोकळी झालीस. कशावरून? बाईंनी तीन मुलं उठवली. एकाने कविता म्हटली, एकीने सतराचा पाढा म्हटला, तिसऱ्याने फळ्यावर इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. अगं, ती तीन मुलं पाहुण्यांसाठीच असतात. सीआरपी (केंद्राचे साधनव्यक्ती) आले तरी तीच, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) आले तरी तीच, 15 ऑगस्टच्या भाषणालाही तीच. यात बाईंचं काही वाईट नाही. पाहुणे आले की आपणही कानतुटका कप पुढे करत नाही.

म्हणून एकच गोष्ट सांगणार आहे, कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. नाव तू निवड.

हजेरीपट माग. 1 ते 5 मधला कुठलाही आकडा चिठ्ठी टाकून काढ आणि त्या क्रमांकापासून दर पाचवं नाव घे. पट 30 चा असेल तर 6 मुलं मिळतील. 12 चा असेल तर निवडत बसू नकोस, सगळ्यांना बसव. बऱ्याच हजेरीपटांत आधी मुलगे आणि मग मुली असतात, त्यामुळे दर पाचवं घेतलं की दोन्हीकडची नावं आपोआप येतात. निवडलेलं मूल त्या दिवशी आलं नसेल तर लगेच कुणीतरी म्हणेल, ‘त्याच्याऐवजी हिला घ्या की, हुशार आहे.’ घेऊ नकोस. त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिही आणि दोन दिवसांनी पुन्हा जा, नाहीतर संध्याकाळी त्याच्या घरी जा. जी मुलं वाचनात मागे असतात तीच जास्त घरी राहतात. त्यांना वगळून काढलेला आकडा गोड येतो आणि खोटा असतो. ग्रामीण मुलांना वाचता-मोजता येतं का ते बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत स्वयंसेवक शाळेत न जाता घरोघर जातात ते काही हौसेने नाही. आलेली, न आलेली, सरकारीतली, खाजगीतली, सगळी मुलं सापडायची तर घरच गाठावं लागतं.

सगळ्या वर्गांच्या मागे लागू नकोस. तिसरी आणि पाचवी पुरेत. आपल्याकडे कर्नाटकात पहिली ते तिसरी नली-कली पद्धत. तिन्ही इयत्ता एका खोलीत, कार्डांवर, ज्याच्या त्याच्या गतीने. चौथीत गेलं की एकदम धड्यांची पुस्तकं, सगळ्यांना एकच पान. तिसरी संपताना ज्याला वाचता येत नाही तो चौथीत नुसता बसून राहतो, आणि पाचवीत परिसर, गणित, कन्नड, इंग्रजी सगळीकडूनच सुटतो. तुझ्या पुतण्याचं हेच झालेलं दिसतं. त्याला रागावू नकोस.

नली-कलीच्या खोलीत गेलीस तर भिंतीवरची चित्रं सोड, प्रगतीचा तक्ता बघ. कोणतं मूल कार्डांच्या शिडीच्या कितव्या पायरीवर आहे ते तिथे दिसायला हवं. तू निवडलेल्या मुलाची पायरी शोध आणि त्याच्या हातात कुठलं कार्ड आहे ते बघ. दोन्ही जुळत नसतील तर तक्ता कुणीतरी एका बैठकीत भरलाय. सगळ्या वर्गाची पायरी एकच असेल तरीही तसंच. पंधरा मुलं एकाच दिवशी एकाच पायरीवर पोचत नाहीत. कार्डं हाताळून कोपरे मळलेले असतील तर समाधान मान. कोरी करकरीत असतील तर ती कपाटातून आजच बाहेर आली आहेत.

आता वाचन. मुलाला एकट्याला, वर्गाबाहेर, ओट्यावर किंवा झाडाखाली बसव. शेजारी बाई नकोत, इतर मुलं नकोत. आधी दोन मिनिटं घरच्या म्हशीबद्दल, शेताबद्दल बोल, मग पुस्तक उघड. दुसरीच्या पुस्तकातलं शेवटाकडचं पान घे. पहिले पाच-सहा धडे पोरांना तोंडपाठ असतात. पाठ आहे की वाचतंय ते ओळखायचं तर खालच्या ओळीपासून वर वाचायला सांग. नाहीतर शब्दांवर बोट ठेवून वाचायला सांग. पाठ असलं की बोट एकीकडे आणि तोंड भलतीकडे. परिच्छेद जमला नाही तर सुटे शब्द दे, शब्द जमले नाहीत तर अक्षरं. कुठे थांबलं तीच त्याची पायरी. ‘येत नाही’ असं कधीही लिहू नकोस, कारण त्यावरून उद्या काय शिकवायचं ते बाईंना कळत नाही.

मराठीत पोरं कुठे अडतात त्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्यातही ‘र’ जास्त छळतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ने: सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दुसऱ्या. चारही ठिकाणी र वेगळा दिसतो. ‘सूर्य’ला ‘सूय’ म्हणणारं मूल रफार बघतच नाही. ‘प्रकाश’ला ‘परकाश’ म्हणणाऱ्याला र दिसतो पण जोडता येत नाही. दोघांना लागणारी मदत वेगळी. सहाही मुलं एकाच जागी अडली तर तो भाग वर्गात शिकवलाच गेलेला नाही, एवढं निदान तू खात्रीने करू शकतेस.

तिसरीला फोनवर एक मिनिट लावून शब्द मोज. 2021 पासूनच्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. ऑगस्टमध्ये 35-40 आले म्हणून घाबरू नकोस. फेब्रुवारीतही तेवढेच आले तर घाबर. आणि वाचून झाल्यावर एक असा प्रश्न विचार की ज्याचं उत्तर ओळीत सरळ लिहिलेलं नाही. ‘आजी का रागावली असेल?’ खडाखडा वाचून इथे गप्प बसणारी मुलं तुला भेटतील. ती फक्त आवाज काढायला शिकली आहेत.

कन्नडची तपासणी वेगळी कर, मराठीच्या गुणात मिसळू नकोस. 2015 च्या कायद्यानंतर कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीचीच आहे. त्यावर आपल्या माणसांची मतं काय आहेत ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. पण पोराला उद्या बसची पाटी आणि तहसीलदार कचेरीतला फॉर्म वाचायचाच आहे. तेवढं येतं का बघ.

गणिताला चार गोष्टी. ‘एकोणसाठ’ म्हण आणि लिहायला सांग. 69 लिहिलं तर मूल ‘साठ’ ऐकून 6 लिहितंय, ‘एकोण’ म्हणजे एक कमी हे त्याला कळलेलं नाही. (कन्नडमध्ये सरळ पन्नास-नऊ म्हणतात, दोन्ही भाषा बोलणारी आपली पोरं इथे जास्त घसरतात.) मग 52 वजा 27. उत्तर 35 आलं तर त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केलाय. हातचा म्हणजे काय ते कळलेलंच नाही. पाचवीला 618 भागिले 6. उत्तर 13 आलं तर मधला शून्य खाल्लाय. आणि शेवटी एक तोंडी उदाहरण, बाजारातलं, ज्यात बेरीज की वजाबाकी ते त्यानेच ठरवायचं. उत्तर चूक आलं तरी कागद टाकू नकोस. चूक कशी झाली हे कागदावरच असतं.

वह्यासुद्धा त्याच मुलांच्या माग. समोर येणारा गठ्ठा नको, हजेरीपटावरून निवडलेल्या त्याच सहा नावांचा हवा. जूनपासूनच्या तारखा बघ. मध्येच तीन आठवडे कोरे असतील तर विचार, तेव्हा काय होतं? कधी शिक्षक डेप्युटेशनवर असतात, कधी अतिथी शिक्षक अजून आलेले नसतात. मग सहा वह्या एकाच पानावर उघडून शेजारी शेजारी ठेव. सहाहीत तेच वाक्य, तीच शुद्धलेखनाची चूक असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. लाल टिकमार्क खूप आणि त्याच्याच खाली चुकीचा शब्द तसाच, हेही बघशील. सुंदर अक्षराला भुलू नकोस. मला खोडलेली, पुन्हा लिहिलेली, वेडीवाकडी पण मुलाच्या मनातली चार वाक्यं दाखव. त्या वर्गाला मी वरचे गुण देईन. लोक यालाच माझा हेका म्हणतात. म्हणू देत.

शिक्षकांबद्दल तू फार कडक लिहिलंयस. आधी आकडे बघ. शिक्षणहक्क कायद्यात पाचवीपर्यंत 60 मुलांना दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. म्हणजे 45 मुलांच्या शाळेत पाच इयत्ता आणि दोन माणसं, हे नियमात बसून होतं. तिथे एक वर्ग शिकत असताना दुसरा शिक्षकाविना असणारच. शिकवणाऱ्या बाईंकडे बघू नकोस, त्यांची पाठ असलेल्या वर्गाकडे बघ. मागे 20 मिनिटं गप्प बैस. त्या मुलांना करायला काही दिलंय का, दिलेलं संपल्यावर पुढचं काय ते त्यांना माहीत आहे का, मोठी मुलं धाकट्यांना सांगतात का? हाताची घडी घालून चिडीचूप बसलेला वर्ग तुला शिस्तीचा वाटेल. तिथे काही चाललेलं नसतं.

पट आणि हजेरी जुळते का ते स्वयंपाकघरात कळतं. अक्षर दासोहाचं, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं, माप पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ आहे, सहावीपासून 150 आणि 30. हजेरीत धाकटी 40 मुलं असतील तर 4 किलो तांदूळ आणि 800 ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. क्षीर भाग्य या सरकारी योजनेचं दूध 18 ग्रॅम पावडरीचं 150 मिली, म्हणजे 40 जणांना 6 लिटर. पातेलं बघून अंदाज येतोच. मात्र मंगळवारी-बुधवारी जा. शनिवारी सकाळची शाळा. जत्रेच्या आदल्या दिवशी, किंवा खानापूरकडे रोप लावणी चालू असताना गेलीस तर शाळेवर अन्याय करशील.

शौचालयाचं एवढंच: कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, आत पाणी आहे का. संख्या सोड.

आता तुला न आवडणारं. तू लिहिलंयस, ‘आपली मराठी शाळा आहे, वाईट कसं लिहू? पट कमी होतोय, बाहेर कळलं तर बंदच करतील.’ 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून इथे मराठी शाळा म्हणजे नुसती शाळा राहिलेली नाही, हे मी तुला सांगायला नको. पण शाळा आपली आहे म्हणून तिच्यातलं पोर वाचू शकत नाही हे झाकायचं, यात भाषेचं प्रेम कुठे आलं? पाचवीतल्या मुलीला मराठी परिच्छेद वाचता येत नसेल तर मराठी तिच्यापुरती बंदच झाली, शाळेच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. उलट बाजूही ऐक. पट घटला म्हणून शाळा वाईट ठरत नाही. पाच वर्षांपूर्वीची पहिली आणि आजची पाचवी यांचे पट शेजारी ठेव, दाखले घेऊन कोण कुठे गेलं ते जनरल रजिस्टरवरून काढ. गाडी दारात येते म्हणून इंग्रजी शाळेत गेलेली पोरं आणि इथे काही शिकत नव्हती म्हणून गेलेली पोरं, यांची बेरीज करू नकोस. आणि जमलं तर गाडीने जाणाऱ्या दोन-तीन मुलांनाही तोच परिच्छेद दे. घरोघर जातेच आहेस.

निकाल टक्क्यांत लिहू नकोस. सहा मुलांचे टक्के कसले? ‘6 पैकी 2 परिच्छेदावर, 3 शब्दांवर, 1 अक्षरांवर’ असं लिही. तो कागद आधी बाईंना दाखव, नंतर मुख्याध्यापकांना, मग बैठकीत ठेव. मुलांची नावं बैठकीत वाचायची नाहीत, पालक पोराला घरी जाऊन बडवतात. मागणी एकच ठेव: रोज एक तास तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पायरीप्रमाणे बसवायची. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेदवाले एकीकडे. याला बीईओंची मंजुरी लागत नाही, पैसा लागत नाही, दोन शिक्षकांच्या शाळेतही होतं. कंपाउंडची मागणी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घाल.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीत पुन्हा तपासणी कर. जुनी सहा नावं घे, आणि शिवाय सहा नवी, पुन्हा चिठ्ठी टाकून. जुनी सहा एव्हाना सगळ्यांना माहीत झालेली असतील आणि त्यांच्यावर जास्त मेहनत झाली असेल. ती सुधारली आणि नवी तिथेच राहिली, तर पाहुण्यांच्या तीन मुलांच्या जागी आता नऊ झाली, इतकंच. नाव दर वेळी तू निवड.

पहिल्या फेरीचे कागद झाले की मला पाठव. तुझे शेरे नकोत, मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले कागदच पाठव, आणि प्रत्येकावर इयत्ता आणि तारीख घाल.

तुझे सर