एनपीटीईएलचा कोर्स लावण्याआधी

एनपीटीईएल म्हणजे आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स. लेक्चर आयआयटीच्या सरांचं, क्रेडिट मात्र आपल्या कॉलेजने द्यायचे असतात. म्हणून आधी डिपार्टमेंटमध्ये विचार, हा कोर्स कोणत्या विषयाऐवजी धरणार? आणि उत्तर लेखी घे. मी ‘चालेल रे’ एवढ्यावर बारा आठवडे घातले. क्रेडिट शून्य, सर्टिफिकेट तेवढं फायलीत पडलंय. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांत स्वयमवरून (हे कोर्स जिथे असतात ते सरकारी पोर्टल) सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स घेता येतात, पण तुझा कोर्स त्यात बसवायचा की नाही हे कॉलेजच ठरवतं.

नाव नोंदवलं की काम झालं असं समजू नकोस. कोर्स फुकट, परीक्षेचा फॉर्म वेगळा नि फीसुद्धा वेगळी. तो ऐन सबमिशनच्या गडबडीत राहून जातो.

असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी ३०. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठच असाइनमेंट धरतात, तेव्हा एखादी हुकली तर रडत बसू नकोस. फक्त ती सूट गणपतीसाठी राखून ठेव, पहिल्याच आठवड्यात उधळू नकोस.