पाळीच्या आधी वाढणारी साखर

प्रश्न : मला टाइप १ मधुमेह आहे. आहार आणि इन्सुलिनचा डोस तोच असूनही पाळीच्या चार-पाच दिवस आधी साखर वाढते आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर एकाएकी उतरते. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काही चुकत नाही. बीजविमोचनानंतर (अंडाशयातून बीज बाहेर पडल्यानंतर), म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात साधारण चौदाव्या दिवसानंतर, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, त्यामुळे अनेक स्त्रियांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि तोच डोस अपुरा पडू लागतो. पाळी येते तेव्हा हे संप्रेरक झपाट्याने घटते आणि अपुरा वाटणारा डोस जास्त ठरू शकतो. प्रत्येकीला हा अनुभव येतोच असे नाही, म्हणून मैत्रिणीचा आकडा आपल्याला लावू नये.

किमान तीन चक्रांत उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, पाळीच्या तारखेसह, लिहून ठेवा. ही वही (कंटाळवाणी खरी!) पाहूनच डॉक्टर त्या दिवसांपुरता बेसल (दिवसरात्र संथपणे काम करणाऱ्या) इन्सुलिनचा डोस किती वाढवावा हे ठरवू शकतील; तो अंदाजाने वाढवू नका. खरी जोखीम मला वाढीव डोस वेळेवर कमी न करण्यात वाटते, कारण पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी रात्री झोपेत साखर प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. तसे झाल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.