घणसोलीत मायनिंग रिग लावताय? आधी त्या 'शिल्लक वॉरंटी'चं बघा

घणसोलीला खाडीच्या बाजूचा फ्लॅट, स्लायडिंग लावून बंद केलेली बाल्कनी, मावसभावाकडून मिळालेलं एक ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, अजून तीन जुनी कार्डं घेऊन मायनिंग रिग (क्रिप्टो कॉइन मिळवण्यासाठी चोवीस तास चालणारा पीसी) लावायचा विचार, आणि शेवटी 'विकणारा म्हणतो वॉरंटी अजून शिल्लक आहे'. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी कोपरखैरण्याला राहतो आणि याच वाक्याच्या भरवशावर लोकांचे पैसे बुडताना पाहिलेत. माझेही गेलेत, तेही नव्या कार्डाच्या बाबतीत.

तुम्ही विचारलंय की कॉइन कुठलं आणि सॉफ्टवेअर कुठलं. ते कुठेही सापडेल. हाइव्हओएस ही मायनिंगसाठीची लिनक्स सिस्टिम पेनड्राइव्हवर टाका, पूल (एकत्र मायनिंग करणाऱ्यांचा गट) निवडा, वॉलेटचा पत्ता भरा, पॉवर लिमिट खाली आणा, मेमरी क्लॉक वर न्या. एका संध्याकाळचं काम आहे, त्यात मी वेळ घालवत नाही.

पैशाचंही थोडक्यात सांगतो, कारण ते गणित सरळ आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे कार्डांकडून गणितं सोडवून घेऊन त्या बदल्यात कॉइन द्यायची पद्धत, सोडली. त्याआधी ३०६० टीआय १२०-१३० वॉटमध्ये सेकंदाला ६० मेगाहॅशचा वेग द्यायचं आणि विजेचं बिल भागून वर पैसे उरायचे. त्या काळातले व्हिडिओ अजून तसेच आहेत, तारीख बघून मगच विश्वास ठेवा. आता इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन, एर्गो वगैरे उरलेत आणि इथेरियम सोडून आलेली सगळी कार्डं त्यांच्यावर तुटून पडली. चार कार्डं, बोर्ड, प्रोसेसर आणि पॉवर सप्लायची गळती धरून भिंतीच्या सॉकेटवर ६०० वॉट लागतात असं समजा. म्हणजे महिन्याला ४३२ युनिट, तेही घरच्या वापराच्या वर. आपल्याकडे ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे ओलांडले की दर चढतो. वहन आकार आणि वीज शुल्क धरून युनिटला १५ रुपये लावूनच हिशोब करा, मग स्वतःचं बिल समोर ठेवून दुरुस्त करा. साडेसहा हजारांच्या आसपास नुसती वीज होते. नफ्याचा हिशोब दाखवणाऱ्या 'व्हॉट टू माइन' या साइटवर विजेचा दर आपणहून ०.१ डॉलर भरलेला असतो. तो न बदलता आलेला नफ्याचा आकडा बघून कार्डं घेऊ नका.

त्यावर कर. २०२२-२३ या वर्षापासून ३० टक्के अधिक सेस, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. मार्च २०२२ मध्ये सरकारने लोकसभेत स्पष्ट केलं होतं की मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणजे तीन हजारांचं कॉइन विकलं आणि वीज साडेसहा हजारांची जळाली, तरी तीन हजारांवर कर आहेच. मी सीए नाही, तुमच्या सीएला विचारून घ्या. पण निव्वळ कमाईसाठी आज तीन कार्डं विकत घेणं मला पटत नाही, हे स्पष्ट सांगतो. घरात असलेल्या एका कार्डावर शिकण्यासाठी करा, जरूर करा. वॉलेट, पूल, अंडरव्होल्टिंग (कार्डाचं व्होल्टेज कमी करून वीज वाचवणं), लिनक्स, नेटवर्क हे सगळं हाताखालून जातं आणि ते ज्ञान कामाला येतं.

आता मुख्य मुद्दा.

नवी मुंबईत एसी दुरुस्त करणाऱ्या कोणालाही विचारा, तो पहिल्यांदा कॉइलबद्दल बोलेल. खाडी, नाले आणि शेजारी टीटीसीचा (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्टा यामुळे इथल्या हवेत गंधकाची संयुगं असतात. तांबं त्याने काळं पडतं आणि कॉइल गळायला लागते. ग्राफिक्स कार्डावरही तांबं आहे, चांदी आहे, सोल्डर आहे. गेमिंगचं कार्ड दिवसातून दोन तास ही हवा ओढतं. मायनिंगचं कार्ड चोवीस तास ओढतं, आणि तुम्ही ते खाडीकडे तोंड असलेल्या बाल्कनीत ठेवणार आहात. हीटसिंकच्या पात्या तपकिरी होतात, डिस्प्ले पोर्टच्या पट्टीवरचे स्क्रू गंजतात, पॉवर कनेक्टरभोवती काळसर झाक येते. त्यातल्या बऱ्याच डागांनी कार्डाचं काही बिघडत नाही. पण वॉरंटी नाकारायला तेवढा डाग पुरतो.

माझं ३०८० कार्ड होतं. २०२१ मध्ये, कार्डं मिळत नव्हती तेव्हा, छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजून लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं. पक्कं बिल माझ्या नावावर, तीन वर्षांची वॉरंटी. एका पावसाळ्यात ते रिगला अचानक दिसेनासं झालं, म्हणजे सिस्टिम ते ओळखेना. रिगमधून काढून साध्या पीसीला लावलं, तरी नाही. वितरकाच्या सर्व्हिस सेंटरला नेलं. नाव घेत नाही, पण इथले बरेच ब्रँड मोजक्याच वितरकांकडे आहेत, त्यामुळे फिरूनफिरून त्याच काउंटरवर जावं लागतं. काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट करून बघितलं, सिरीयलचा स्टिकर स्कॅन केला, जॉबशीटवर 'नो डिस्प्ले' लिहिलं आणि कार्ड मागच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकलं. वस्तूची स्थिती लिहायचा एक रकाना त्या कागदावर होता. तो कोराच ठेवून माझी सही घेतली.

पुढे बरेच आठवडे फोन करत राहिलो. शेवटी ईमेल आला, एका ओळीचा: पीसीबीवर (कार्डाच्या सर्किट बोर्डावर) गंज आढळला, वॉरंटी लागू नाही. सोबत एक फोटो. फोटोत काय होतं? पट्टीवरच्या एका स्क्रूचं तपकिरी डोकं आणि पॉवर कनेक्टरजवळची काळपट कड. पट्टीचा स्क्रू म्हणजे पीसीबी नव्हे, हे मी त्यांना फोटोवर खुणा करून लिहिलं. बिघाड नेमका कुठे आहे आणि या डागाचा त्याच्याशी संबंध काय, हे लेखी द्या, असं मागितलं. ते आजतागायत मिळालेलं नाही. वितरक म्हणाला निर्णय ब्रँडचा आहे. ब्रँडच्या परदेशातल्या सपोर्टने कळवलं की स्थानिक वितरकाशी बोला. ही टोलवाटोलवी महिनोन्‌महिने चालली. फोनवर एकाने तर सरळ सांगितलं, 'सर, मुंबईची कार्डं अशीच येतात.' मग मुंबईत विकता कशाला? समुद्रकाठच्या शहरात पूर्ण किमतीला माल विकायचा आणि समुद्रकाठची हवा लागली म्हणून हात वर करायचे, याचा मला आजही संताप येतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. वितरकाने तिथे 'ग्राहकाकडून झालेलं नुकसान' असं उत्तर टाकलं आणि तक्रार बंद झाली. मग वकिलांना भेटलो, आणि इथे तुम्ही नीट लक्ष द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक धरला जात नाही. अपवाद आहे तो स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच वस्तू वापरणाऱ्याचा. वकिलांचं म्हणणं असं पडलं की तुम्ही नोकरदार, मायनिंग वरकमाईसाठी, म्हणजे समोरचा पहिल्याच तारखेला हाच मुद्दा काढणार. केस हरलोच असतो असं नाही, पण वर्ष-दोन वर्षं ओढली गेली असती. (मीही वकील नाही. माझं प्रकरण जसं होतं तसं सांगतोय.)

मग ते कार्ड चिप लेव्हल काम करणाऱ्या एका कारागिराकडे दिलं. त्याने हीटसिंक उतरवला, मल्टिमीटरची टोकं एकेका ठिकाणी टेकवली आणि थोड्याच वेळात शॉर्ट झालेला मॉस्फेट दाखवला. चिपला वीज पुरवणाऱ्या भागातला छोटा सुटा घटक, गंजाच्या जागेपासून चांगलाच लांब. मेलेल्या बोर्डावरचा मॉस्फेट काढून इथे बसवला आणि कार्ड चालू झालं. म्हणजे डागाचा आणि बिघाडाचा काडीचाही संबंध नव्हता. पण एव्हाना इथेरियमचं मायनिंग संपलं होतं, कार्डांचे भाव कोसळले होते आणि वॉरंटी तर गेलीच होती.

म्हणून 'वॉरंटी शिल्लक आहे' हे ऐकलं की विचारायचं: कोणाच्या कागदावर? पैसे देण्याआधी मूळ जीएसटी बिल हातात घ्या, व्हॉट्सअपवरचा अर्धवट फोटो नको. बिलावर सिरीयल नंबर छापलेला असेल तर तो कार्डावरच्या स्टिकरशी जुळवा. तो नंबर टाकून वितरकाला स्वतः ईमेल करा: वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आहे, दुसऱ्याच्या नावाच्या बिलावर देता का, आणि गंजाबद्दल तुमचा लेखी नियम काय. उत्तर आलं तर जपून ठेवा. आलं नाही तर वॉरंटी नाही असं धरून भाव करा. काही ब्रँड सिरीयलवर चालतात, काहींना पहिल्या गिऱ्हाइकाचं बिल लागतं. विकणारा दोन्ही वेळा 'आहे' असंच म्हणतो.

आणि कधी सर्व्हिस सेंटरची पायरी चढावी लागलीच, तर काउंटरवर ठेवण्याआधी सलग व्हिडिओ काढा. सिरीयल, दोन्ही बाजू, सोनेरी पिन, पट्टीचे स्क्रू, पॉवर कनेक्टर, मधल्या स्क्रूवरचा सील. न थांबवता, एकाच व्हिडिओत. जॉबशीटवर स्थितीचा रकाना त्यांच्याकडून भरून घ्या. 'बाह्य नुकसान नाही' हे शब्द आणि त्यांची सही. देत नसतील तर कार्ड सोडू नका, घरी घेऊन या आणि तसं ईमेलवर कळवा. थर्मल पेस्ट बदलायला कार्ड उघडू नका, तो सील तुटला की बोलायलाच जागा उरत नाही. धूळ ब्लोअरने काढा, पंख्याची पाती बोटाने धरून.

बाल्कनीचा बेत मात्र सोडाच. आतल्या खोलीत, खिडकीच्या थेट झोतापासून दूर ठेवा. उकाडा होईल, ६०० वॉट म्हणजे खोलीत मंद हीटर चालू असल्यासारखंच आहे. एसी लावून थंड करायचा विचार असेल तर त्याचे युनिटही वरच्या गणितात धरा, मग बहुधा विचार बदलेल. पावसाळ्यात दमटपणाचा त्रास चालू कार्डापेक्षा बंद पडून असलेल्याला जास्त होतो, कारण गरम बोर्डावर ओल धरत नाही. रिग बंद ठेवायची असेल तर कार्डं काढून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. उघड्या रॅकवर सोडू नका.

रायझरबद्दल, म्हणजे कार्ड मदरबोर्डपासून लांब ठेवून जोडायच्या पट्टीबद्दल, एक गोष्ट, कारण यात आग लागू शकते. रायझरला साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून वीज देऊ नका. साटाची मर्यादा ५४ वॉट, आणि स्लॉटमधून कार्ड ७५ वॉटपर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं, आधी वास येतो, मग धूर. सहा पिनचा रायझर घ्या आणि पॉवर सप्लायकडून थेट सहा पिनची केबल द्या. मोलेक्स-साटाचे जोड देणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. सॉकेट १६ अँपिअरचा आणि डीबीपासून (घरातल्या एमसीबीच्या पेटीपासून) वेगळी वायर हवी, इमारत जुनी असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला अर्थिंग तपासायला लावा.

घरगुती मीटरबद्दलही सावध करतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये मंजूर कारण सोडून दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली तर लागू दराच्या दुप्पट आकारणी होऊ शकते. एका कार्डाचं कोणी विचारायला येईल असं मला वाटत नाही. पण बिलाचा आकडा एकदम तिप्पट झाला तर तपासणी होऊ शकते, आणि अंतिम आदेशाविरुद्ध अपील करायचं तर आकारलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. बिलावरचा मंजूर भारही बघून ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर ते एकच ३०६० टीआय एक बिलिंग सायकल चालवून बघितलं असतं, वॉटमीटर लावून. उरलेल्या तीन कार्डांचा विषय त्यानंतर. तोवर विकणाऱ्याकडून मूळ बिलं मागवा. ब्रँड आणि खरेदीचा महिना इथे टाका, सिरीयल नंबर मात्र लपवा. त्या ब्रँडचं काम सध्या कुठल्या वितरकाकडे आहे आणि ईमेल कोणाला करायचा ते मी बघून सांगतो.