फी माफ आहे, मग अडलंय कुठे?

प्रश्न : ताई, आम्ही वाशीम जिल्ह्यातले, कुणबी. थोडी कोरडवाहू शेती. मुलगा पुण्याला मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंग करतो, त्यासाठी शेत गहाण आहे. मुलीला सीईटीत त्याच्यापेक्षा चांगले पर्सेंटाइल पडले. पण हे म्हणतात, जवळच्या कॉलेजात बीए कर, आता पैसा लागेल तो तुझ्या लग्नाला. हे म्हणतात, मुलीला एवढ्या लांब ठेवायचं नाही. ती धड जेवतही नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी पैशाचं बघू. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. प्रवेश मात्र कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे शेत गहाण पडलं ते मुलापायी, मुलीची तर फीच नाही! उरतो राहण्या-जेवणाचा आणि कॉलेजच्या इतर शुल्कांचा खर्च. अमरावती, यवतमाळला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. लग्नासाठी साठवलेल्यातून मेसचे पैसे गेले तर बिघडलं कुठे?

पण मला वाटतं, खरी अडचण पैशाची नाहीच, लांब राहण्याची आहे. ती भीती वादाने जायची नाही. यजमानांना कॉलेज आणि मुलींचं वसतिगृह दाखवून आणा, रेक्टरबाईंशी बोलू द्या.

मुलालाही फोन करा. बहिणीसाठी त्याने वडिलांशी बोलावं. तुमच्यापेक्षा त्याचा शब्द घरात जड आहे, हे मला मुळीच आवडत नाही. पण आत्ता उपयोगाचं आहे. आणि एक, राग मानू नका. पत्रभर ‘हे म्हणतात’ आहे. तुम्ही काय म्हणता, ते एकदा त्यांच्यासमोर बोला. मुलीलाही ऐकू जाऊ द्या.

भांडण मिटेपर्यंत कागद थांबवू नका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, सगळं आजच काढायला टाका. वैधतेला वेळ लागतो. कॅपची नोंदणी झाली नसेल तर मोबाइल नंबर मुलीचा किंवा तुमचा द्या, यजमानांचा नको. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि पसंतीक्रम भरायला मोजकेच दिवस मिळतात.